जाईबाईचा मोतीबिंदू आणि लिंबाएवढं इंजिन

जाईबाईनं आपल्या डोळ्यांचं ऑपरेशन विमानाला बांधून ठेवलं, तेव्हा तिच्या नजरेपुढं नुसती धुक्याची झिरझिरीत ओढणी होती आणि विमान जवळजवळ तयार होतं. म्हणजे इंजिन आलं होतं. राहिलं होतं ते फक्त विमान.

तिचा लेक धम्मदीप शिरूरच्या एका बँकेत क्लार्क. त्याला वाटलं, ही कसली अट, हा तर आईचा लाड. "हा उन्हाळा सरायच्या आत उडवतो," असं तो बोलून गेला. त्यानंतर इतके उन्हाळे सरले, की पुढंपुढं गल्लीतली माणसं "कुठला उन्हाळा ते काय तो बोलला नव्हता," असं म्हणून त्याची बाजू घेऊ लागली.

ते इंजिन ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला कलकत्त्याहून टपालानं आलं. त्या काळी खेळण्यातल्या विमानाचं इंजिन म्हणजे डिझेल इंजिन, आणि ते मागवायचं म्हणजे कलकत्त्याला पत्र लिहून वाट बघायची. भुश्शानं भरलेल्या खोक्यातून धम्मदीपनं ते बाहेर काढलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. जाईबाईनं ते चाचपलं, हुंगलं, कानाशी धरून हलवलं.

"ह्ये इंजिन? लिंबाएवढं हाय की रं!"

जाईबाईला इंजिन म्हणजे काय, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा सारा जन्म तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात दुसऱ्याचा ऊस खुरपण्यात गेला होता. विहिरीविहिरीवर ऑइल इंजिनं फकफकायची, आणि जाईबाई मान वर न करता सांगायची, की हे ओढ्याकाठचं, हे माळावरचं. हे पाणी ओढतंय, हे नुसतं कोरडं बोंबलतंय. विहिरीनं तळ गाठल्याचं मालकाच्या आधी खुरपणाऱ्या जाईबाईला कळायचं. आणि कळलं की ती त्यावर ओवी रचायची. आताही तिनं इंजिन ओंजळीत धरलं आणि सूर लावला:

"लिंबाएवढं गं इंजिन, लेक ठेवी तळहाती,
सांग सांग रे आभाळा, तुझी उंची तरी किती."

धम्मदीपची बायको राजश्री हायस्कूलात विज्ञान शिकवायची. तिनं मध्येच विचारलं, "आत्या, डोळ्यांच्या शिबिरात नाव घालायचंय ना उद्या?"

"ह्ये उडंल तवा डोळं करीन," जाईबाई म्हणाली. "आत्ता डोळं करून बघायचं काय? गिताबाईचं त्वांड?"

गिताबाई म्हणजे शेजारीण, आणि ती भिंतीपलीकडं कान लावूनच उभी होती. "माझ्या तोंडाला काय झालंय वं?" ती तिथूनच ओरडली. अशा रीतीनं ती अट पहिल्याच दिवशी सार्वजनिक झाली.

आता इंजिन आलं तर त्याला खायला लागणार. त्याचं खाणं तीन जिनसांचं: रॉकेल, ईथर आणि एरंडेल. रॉकेल रेशनवर मिळालं. ईथर राजश्रीनं शाळेच्या प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या पुण्याच्या केमिकलवाल्याकडून आणवलं. एरंडेल तेवढं धम्मदीप स्वतः आणायला गेला, आणि तिथंच त्याच्या अब्रूला पहिली चीर पडली.

"दोन लिटर?" वाण्यानं चष्म्यावरून बघत विचारलं. "घरात माणसं किती?"

"तीन."

वाण्यानं डबा भरला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला "जरा थांबा, ह्यांना जाऊ द्या आधी," असं म्हणाला. धम्मदीप डबा घेऊन घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. दारात गिताबाईचे यजमान हौसराव काठी टेकून उभे. हौसराव म्हणजे घोडनदीकाठचे ऊसवाले बागाईतदार. सल्ला ही त्यांच्या मते देण्याची वस्तू होती, मागण्याची नव्हे.

"धम्मदीपराव, शेजाऱ्यापाशी कसली लाज? असं दोन लिटर एकदम घ्यू नका. कोमट पान्यातनं, दोन चमचं."

"आप्पा, ते विमानाला आहे."

हौसरावांनी आत नजर टाकली, विमान दिसलं नाही. "बरं, बरं," ते म्हणाले, "विमानाला तर विमानाला." त्या 'बरं बरं'मध्ये जी दया होती, ती धम्मदीपला पुढं कित्येक दिवस जेवताना आठवायची. शिवाय जेवण झालं की गिताबाई भिंतीवरून विचारायची, "आज कसं हाय?"

राजश्रीच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, ज्याच्यावर एरवी पिठाचा डबा असायचा, ते इंजिन चार नटांनी आवळलं गेलं. पिठाचा डबा जमिनीवर आला, आणि राजश्रीचा आवाज थोडा वर गेला. इंजिन सुरू करायचं म्हणजे पुढचा पंखा बोटानं झटकायचा, आणि डोक्यावरचा स्क्रू आवळत-सैल करत राहायचं. पंखा झटकला की तो परत येऊन बोटावर बसायचा. बँकेत धम्मदीप पट्टी बांधलेल्या बोटानं नोटा मोजू लागला. कुणी विचारलं तर "इंजिनानं मारलं" म्हणायची सोय नव्हती. मग तो "दार लागलं" म्हणायचा. दाराचीही रोज लागण्याची एक मर्यादा असते. शेवटी मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "सोनवणे, घरी सगळं ठीक आहे ना? मिसेस जरा तापट आहेत का?"

आणि मग एका सकाळी हौसरावांनी काठी बाजूला ठेवली. "सरा तिकडं. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन उभ्या जल्मात म्या फिरवलंय. ह्याला धाक पायजे, धाक." त्यांनी स्क्रू पाव आटा फिरवला, पंख्याला एक टपली मारली, आणि ते लिंबाएवढं कार्टं असं काही किंचाळलं, की झाडावरचे कावळे शिरूर सोडून थेट न्हावऱ्याच्या दिशेनं गेले. टर्र्र्र्र! निळा धूर, दवाखान्याचा वास आणि तेलाचा बारीक फवारा.

"चाललं!" धम्मदीप नाचला. "आई, चाललं!"

जाईबाई मान तिरकी करून ऐकत होती. "चाललं खरं," ती म्हणाली, "पर कोरडं चाललंय."

"आई, ते विहिरीवरचं नाही."

"इंजिन त्ये इंजिन. वझं वढतंय का जाग्यावर वरडतंय, ह्ये कानाला कळतं."

त्या आनंदात एक बारीक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. वारा भिंतीपलीकडं वाहत होता, आणि पलीकडं बाजेवर गिताबाईनं वर्षाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. इंजिनाच्या तोंडातून उडणारं एरंडेल दवासारखं, कुणाला न कळू देता, त्या शुभ्र कुरडयांवर उतरत होतं. गिताबाईला त्यांवर चकाकी आलेली दिसली. ती खूश झाली. म्हणाली, औंदा गहूच चांगला हाय.

पुढल्याच आठवड्यात हौसरावांच्या थोरल्याला बघायला मुलीकडची मंडळी आली. पानात पुरणपोळी, आमटी, भजी आणि त्या कुरडया. सोयरे मोठे खाणारे होते. जेवणं झाली, मंडळी होकार द्यायला सतरंजीवर बसली, आणि मुलीचा मामा "तर आमच्याकडनं..." एवढं म्हणून उठला. त्याच्यामागनं मुलीचा बाप. मग हौसराव. मग गल्लीतले पंच म्हणून बसलेले चौघं. तांबे कमी पडले. राजश्रीनं स्वयंपाकघरातला तांब्या दिला, धम्मदीपनं अंघोळीचा दिला, आणि त्या दुपारी शिरूरच्या त्या गल्लीत सगळी भांडणं, हेवेदावे, भावकी विसरून माणसं एकमेकांना "तुम्ही आधी" म्हणू लागली.

लग्न मात्र जमलं. मुलीचा बाप म्हणाला, "येवढ्या लोकांची येवढ्या तातडीनं सोय करणारं घर दुसरं घावायचं न्हाई." जाईबाईनं हे ऐकलं आणि रात्रीच्या भाकरी थापता थापता ओवी जोडली:

"एरंडाच्या गं धुरानं, आळी झाली बाई रिकामी,
लेकाच्या माझ्या इंजिनाला, कोण म्हणंल निकामी."

गल्लीत इंजिन लावायला मात्र बंदी आली. मग धम्मदीपनं विमानाकडं लक्ष दिलं. हलकं लाकूड पुण्यात मिळायचं, शिरूरच्या सुतारानं प्लायवूड सुचवलं आणि "मजबूत पायजे ना?" म्हणून आतून सागाच्या पट्ट्या मारून दिल्या. असं विमान वादळात टिकलं असतं, फक्त हवेत जायला राजी नव्हतं. ते दोन तारांना बांधून गोल गोल उडवायचं असतं. घोड नदीच्या वाळूत धम्मदीप मध्ये उभा राहून मळणीच्या बैलासारखा फिरला. विमान एकदा कमरेएवढं उचललं. मग धम्मदीपला घेरी आली, तो पडला, आणि त्याच्या भोवती तारा गुंडाळत विमान त्याच्या शेजारी येऊन पडलं. इंजिनाच्या नाकातोंडात वाळू गेली आणि आत तेल सोडणारी सुई मोडली.

सुई आणायला तो पुण्याच्या दुकानात गेला. काचेच्या कपाटात भांड्यांच्या दुकानातल्यासारखी इंजिनं झळकत होती, पण सगळी अनोळखी.

"डिझेल?" दुकानदार म्हणाला. "तुम्ही अजून डिझेलमध्येच आहात?" जुन्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसाकडं बघावं तसं त्यानं बघितलं. "आता सगळं ग्लो प्लगवर, साहेब. फॉरेनची इंजिनं. बॅटरी लावली की पेटतं. बोटाला त्रास नाही."

बोटाला त्रास नाही, हे ऐकून धम्मदीपच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ग्लोचं इंजिन घेतलं. बोटाला खरंच त्रास झाला नाही. बाकी सगळ्याला झाला, कारण ते इंजिन मिथेनॉल प्यायचं, आणि मिथेनॉल ही विषारी वस्तू; त्याला परवाना लागतो.

परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "कशासाठी? पिण्यासाठी की विक्रीसाठी?"

"विमानासाठी."

"वैमानिकाचं लायसन जोडलेलं नाही."

"साहेब, विमान एवढंसं आहे." धम्मदीपनं हात पसरून दाखवले.

"लहान असो, मोठं असो. एवढंसं असेल तर एवढंसं लायसन जोडा."

चौकशीला हवालदार घरी आले. त्यांनी चहा घेतला, अंगण पावलांनी मोजलं आणि वहीत लिहिता लिहिता विचारलं, "विमान उभं करायची जागा कुणाच्या नावावर हाय? सातबारा हाय का?" हौसराव लगेच पुढं आले: "माझ्या नदीकाठच्या पट्टीत उतरू द्या, पर ऊस लोळाय नगं." हवालदारांनी तसं लिहून घेतलं: 'शेजारी विमान उतरू देण्यास राजी, ऊस वगळून.' त्या शेऱ्यानं प्रकरण इतकं भारदस्त झालं, की ते वरच्या कचेरीत गेलं, तिथून आणखी वर गेलं. धम्मदीपचं विमान उडालं नाही, पण त्याचा अर्ज बराच उंच गेला.

परवाना येईस्तोवर शतक बदललं. जाईबाईच्या डोळ्यांवरच्या ओढणीची आता गोधडी झाली होती. ती राजश्रीला बांगड्यांवरून ओळखायची आणि धम्मदीपला सुस्काऱ्यावरून. परवाना घेऊन तो त्याच दुकानात गेला. कपाटात इंजिनं नव्हतीच. वायरी होत्या, थर्माकोलसारख्या फोमची पांढरी विमानं होती, आणि डबीएवढ्या मोटरी.

"ग्लो?" दुकानदार म्हणाला. त्याचे केस पिकले होते, सूर तोच होता. "तुम्ही अजून ग्लोमध्येच आहात? आता सगळं इलेक्ट्रिक. चायनाचा माल. धूर नाही, तेल नाही, आवाज नाही."

'आवाज नाही' हे शब्द धम्मदीपनं तेव्हा नुसते ऐकले, आणि एक मोटर, बॅटरी नि पांढरं विमान बांधून घेतलं.

घरी आल्यावर हौसरावांनी मोटर हातात घेऊन मान हलवली. "आमच्या हिरीवर ह्येच झालं. आधी ऑइल इंजिन. मग मोटर आली. आम्ही म्हणलं, बरं झालं, हँडल मारायचं वाचलं. तवापासनं लाईट यायची वाट बघत बसलोय."

तसंच झालं. ती सालं भारनियमनाची. शिरूरला लाईट यायची ती येऊन गेल्याचं सांगण्यापुरती. विमानाची बॅटरी अर्धी भरायची आणि झोपायची. याच सुमारास दवाखान्यात डॉक्टरांनी जाईबाईचे डोळे बघून धम्मदीपला बाहेर बोलावलं. "मोतीबिंदू पार पिकलाय. पावसाळ्याच्या आत ऑपरेशन झालं तर झालं. नंतर मी हात लावणार नाही."

जाईबाईला सगळ्यांनी समजावलं. राजश्री रडली. गिताबाई म्हणाली, "मी हात जोडते." जाईबाई म्हणाली, "मला दिसत न्हाई." ती हटली नाही. "उडंल तवा. शबूद म्हंजी शबूद."

वाट दाखवली राजश्रीच्या भावानं. महेंद्र दौंडला रेल्वेत होता, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचा. "दाजी, आमच्या कॉलनीतली लाईट जात न्हाई. बॅटरी घ्या, विमान घ्या, आत्याबाईंना घ्या आन् सरळ दौंडला या. मागं मैदान हाय."

हौसरावांनी जीप काढली. पुढं हौसराव आणि जाईबाई, मागं गिताबाई, राजश्री, दशम्यांचा डबा, आणि मांडीवर तान्ह्या बाळासारखं विमान धरलेला धम्मदीप. दौंडला बॅटरी तुडुंब भरली. संध्याकाळी मैदानात जाईबाईला खुर्चीवर बसवलं. धम्मदीपनं रिमोट हातात घेतला. महेंद्रनं विमान हातातून फेकलं.

आणि ते उडालं.

काही न बोलता उडालं. बगळा ओढ्यावरून उठावा तसं उठलं, कडुलिंबाच्या शेंड्यावरून वळलं, मावळतीचं ऊन पोटाला लावून घेतलं आणि आभाळात एक संथ वर्तुळ काढलं. धम्मदीप ओरडला, मागोमाग महेंद्र आणि बाकीचेही ओरडले. "आई, उडालं गं!"

"कुठं?" जाईबाई म्हणाली. "आवाज कुठाय?"

"आवाज नसतो त्याला. इलेक्ट्रिक आहे."

"बिनआवाजाचं इंजिन? मला येडी समजता का रं? म्हातारीला फसवून सुरीखाली निजवताय. उडलं न्हाई. चला घरी."

महेंद्रनं शपथ घेतली, राजश्रीनं घेतली. हौसराव तर म्हणाले, "माझ्या उसाला तुरा येऊन समदी साखर जाईल, खोटं बोलत आसंन तर." उपयोग झाला नाही. परतीच्या वाटेत जीपमध्ये कुणी दशम्या सोडल्या नाहीत. धम्मदीप मागं बसून विमानाच्या पांढऱ्या पंखावरनं हात फिरवत होता. इतके उन्हाळे एका चुपचाप मोटरीनं वाया घालवले होते.

काष्टी गाव मागं पडल्यावर हौसराव गिअर बदलता बदलता हळूच म्हणाले, "धम्मदीपराव, त्ये लिंबू हाय का आजून?"

पुढल्या रविवारी जीप पुन्हा दौंडला गेली. ह्या खेपेला जीपच्या टपावर राजश्रीचं स्टूल होतं. नवी सुई कुठंच मिळाली नव्हती. ती सुई आता जगात कुणी करत नव्हतं. शेवटी गिताबाईच्या शिवणाच्या पेटीतली दाभणाची सुई घासून बसवली. जाईबाईची खुर्ची मैदानात, आणि स्टूल कडुलिंबाच्या बुंध्याआड. हौसराव स्टुलापाशी उकिडवे बसले. महेंद्रनं विमान फेकलं, धम्मदीपनं खूण केली, हौसरावांनी टपली मारली.

टर्र्र्र्र!

वर विमान, खाली आवाज. जाईबाईनं मान तिरकी केली. तिच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या. ओठ हलले. निळा धूर तिच्यापर्यंत आला तेव्हा तिनं तो फुलाचा वास घ्यावा तसा ओढून घेतला.

"उडलं," ती म्हणाली. "आता करा डोळं."

डोळे झाले. दोन्ही. पट्टी सुटली तेव्हा जाईबाईनं आधी लेकाला बघितलं आणि "किती पिकलास रं," म्हणाली. मग भिंतीवरून डोकावणारं गिताबाईचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "हाय तसंच हाय." चार दिवस ती काळा चष्मा लावून घरातली भांडी, कॅलेंडर, कोंबड्या असं सगळं नव्यानं बघत होती. पाचव्या दिवशी तिनं फर्मान काढलं, "आता इमान दाव."

आता आईला दिसणार होतं. विमान चुपचाप उडताना दिसणार होतं. त्यानं ऊन आहे, वारा आहे, बॅटरी नाही, असं सगळं सांगून बघितलं.

"बॅटरी कालच भरून आणलीय महेंद्रनं," जाईबाई म्हणाली. "आन् जाताना स्टूल घे. हौसरावालाबी हाक मार."

धम्मदीप जागीच बसला. "स्टूल? आई, तुला..."

"आरं, म्या आंधळी व्हते, भैरी न्हवते. तुमी म्हणताय इमान लांब जातंय, जवळ येतंय, आन् आवाज आपला लिंबाच्या बुडाला बसून! वझं न्हाई, वढ न्हाई. कोरडं चाललं व्हतं."

"मग उडालं म्हणालीस कशी?"

"उडलं त्ये मला आदल्याच खेपेला कळलं व्हतं. तू वरडलास, महेंद्र वरडला, समदी वरडली. पर गिताबाई गप झाली. ती बाई जल्मात कवा गप बसली न्हाई. म्हणलं, आभाळात कायतरी हाय खरं."

"अगं मग तेव्हाच का नाही हो म्हणालीस? डॉक्टर काय बोलले होते ठाऊक आहे?"

जाईबाईनं कपाटातून ते लिंबाएवढं इंजिन काढलं, पदरानं पुसलं. नव्या डोळ्यांनी बराच वेळ बघितलं.

"तवाच व्हय म्हणले आस्ते तर ह्याला पुन्यांदा कोण पेटवणार व्हतं? तुमी तर मोडीत घातलं आस्तं. कलकत्त्यावरनं आलंय बिचारं. त्याच्या नावानं शबूद दिला, आन् उडायच्या टायमाला त्ये कपाटात? एकदा त्याचा आवाज ऐकायचा व्हता. डोळं काय, आठ दिस थांबले."

घोडनदीच्या वाळवंटात त्या संध्याकाळी वर विमान होतं, खाली स्टूल होतं, आणि दोन्हीच्या मध्ये काळा चष्मा लावून बसलेली जाईबाई एकदा वर बघायची, एकदा खाली, आणि गायची:

"वर उडे गं पाखरू, त्याला गळा दिला न्हाई,
खाली बसून इंजिन, त्याच्या नावानं गाणं गाई."

ओवी संपली, आणि वाऱ्यानं गावाकडं तोंड फिरवलं. हौसरावांच्या अंगणातल्या बाजेवर यंदाच्या कुरडया वाळत होत्या. निळा धूर नदीवरून निवांत तिकडं निघालेला दिसला मात्र, वाळूत बसलेल्या गिताबाईनं तोंडातलं पान थुंकलं, लुगडं सावरलं आणि सून, सोयरे, सांडगे यांच्या नावानं बोंब मारत ती घराकडं जी सुटली, ती विमानाच्याही पुढं होती.